सोन्याचा धूमकेतू आणि ज्यूल्स व्हर्न

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची मुंबईहून निघालेली गाडी २० ऑक्टोबर १८७२ च्या रात्री कल्याण ओलांडते. तिथून एक फाटा खंडाळ्यावरून पुण्याकडे वळतो. गाडीतला फिलिआस फॉग नावाचा घड्याळाच्या काट्यावर चालणारा इंग्रज गृहस्थ त्या फाट्याकडे ढुंकूनही पाहत नाही. त्याला ८० दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करायची असते. पुणे बाजूला राहते आणि गाडी घाटाला लागते. 'अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज' या कादंबरीतला हा प्रसंग. सह्याद्रीची ओळख करून देताना माथ्यावर दाट झाडी आहे हे सांगण्याआधी लेखक सांगतो की, हे डोंगर ट्रॅप आणि बेसॉल्टच्या पायावर उभे आहेत. पुण्याच्या वाड्यांची जोती ज्या काळ्या कातळाची आहेत, तोच हा दगड.

हे लिहिणारा ज्यूल्स व्हर्न कधीही हिंदुस्थानात आला नव्हता. त्यामुळेच कल्याणनंतर तो आपल्या गाडीला पनवेलसारख्या नावाच्या एका स्टेशनावरूनही नेतो. वास्तविक पनवेलला तेव्हा रेल्वे नव्हती आणि ते गाव त्या मार्गावरही नव्हते. नकाशा वाचताना त्याची चूक झाली, खडक वाचताना मात्र झाली नाही. कोणताही मुलूख उभा करायचा तर आधी त्याच्या पायाखालचा दगड ठरवायचा, ही त्याची आयुष्यभराची सवय होती. विज्ञानकथेच्या आजच्या चाहत्यांना व्हायब्रेनियम, अनऑब्टेनियम, क्रिप्टोनाइट अशी काल्पनिक खनिजे तोंडपाठ असतात. त्या साऱ्या खनिजांची वंशावळ मागे नेत गेले की व्हर्नपाशी येऊन थांबावे लागते. गंमत अशी की, ज्याला सरळसरळ काल्पनिक म्हणता येईल असे खनिज निर्माण करणे त्याला कधीच मान्य नव्हते.

ज्यूल्स गाब्रिएल व्हर्नचा जन्म ८ फेब्रुवारी १८२८ रोजी फ्रान्समधील नांत या बंदराच्या गावी झाला. वडील पिएर हे प्रतिष्ठित वकील. थोरल्या मुलाने आपली वकिली पुढे चालवावी, एवढीच त्यांची इच्छा होती. घर लुआर नदीतल्या बेटावर, आणि धक्क्याला लागलेल्या जहाजांच्या डोलकाठ्या नेहमीच्याच. अकरा वर्षांचा ज्यूल्स एकदा घरातून पळून इंडीजकडे निघालेल्या जहाजावर चढला, चुलत्या-मावळ्यांतल्या कॅरोलिन नावाच्या मुलीसाठी त्याला पोवळ्यांची माळ आणायची होती, वडिलांनी पुढच्या बंदरात त्याला गाठून उतरवले आणि यापुढे प्रवास करीन तो केवळ कल्पनेत असे त्याच्याकडून वदवून घेतले, अशी एक कथा सांगितली जाते. घराण्यातल्याच एका चरित्रलेखिकेने ती रूढ केली. पुढच्या अभ्यासकांनी तिच्याकडे संशयाने पाहिले आहे आणि ते योग्यच म्हणावे लागेल. इतकी नेटकी गोष्ट सहसा घडत नाही.

कायद्याच्या शिक्षणासाठी तो पॅरिसला गेला तो १८४८ च्या क्रांतीच्या धामधुमीत. पदवी मिळवली, पण मन रमले ते नाटकांत. वडिलांचे कार्यालय सांभाळण्याचे निमंत्रण त्याने १८५२ मध्ये नाकारले आणि एका संगीत रंगभूमीच्या चिटणिसाची, जवळजवळ बिनपगारी म्हणावी अशी, नोकरी पत्करली. नाटके फारशी चालली नाहीत. मात्र याच काळात राष्ट्रीय ग्रंथालयात बसून भूगोल, भूगर्भशास्त्र, रसायन, प्रवासवर्णने यांची टिपणे काढण्याचा नाद त्याला जडला. ही टिपणे पुढे हजारोंच्या संख्येने साठली. त्याचे वैज्ञानिक शिक्षण म्हणावे ते एवढेच. प्रयोगशाळेत त्याने कधी काम केले नाही, खाणीतही नाही.

जानेवारी १८५७ मध्ये त्याने ओनोरीन या दोन मुलींच्या तरुण विधवा आईशी विवाह केला. संसार आला, तसा पैशाचा प्रश्नही आला. वडिलांकडून रक्कम घेऊन तो पॅरिसच्या शेअर बाजारात एका दलाली पेढीत शिरला. भल्या पहाटे उठून लिहायचे आणि दिवसा बाजारात उभे राहायचे, असा काही वर्षांचा क्रम. सोन्याचा भाव अफवेने कसा चढतो आणि अफवेनेच कसा पडतो, हे त्याने तिथे जवळून पाहिले. दलाल म्हणून तो यथातथाच होता. लेखक व्हर्नला मात्र हा बाजार जन्मभर पुरला.

१८६२ मध्ये त्याची गाठ पिएर-ज्यूल एत्झेल या प्रकाशकाशी पडली. पुढच्याच वर्षी 'फाइव्ह वीक्स इन अ बलून' प्रसिद्ध झाली आणि खपली. एत्झेल नव्या पिढीसाठी शिक्षण आणि करमणूक यांचे एक नियतकालिक काढत होता. विज्ञान सोपे करून, गोष्टीत गुंफून देणारा लेखक त्याला हवाच होता. करार झाला. वर्षाला तीन खंड, पुढे दोन. हा करार म्हणजे अन्नही होते आणि वेठही.

या कराराच्या पहिल्या उमेदीत 'जर्नी टु द सेंटर ऑफ द अर्थ' आली, १८६४ च्या नोव्हेंबरात. स्ट्रॉम्बोली ज्वालामुखीच्या विवरात उतरून आलेला शार्ल सँत-क्लेअर देव्हिल हा भूगर्भशास्त्रज्ञ व्हर्नच्या परिचयाचा होता आणि त्याच्याशी झालेल्या गप्पांतून या कादंबरीला चालना मिळाली असे मानतात. आइसलंडच्या ज्वालामुखीतून आत उतरलेली मंडळी शेवटी स्ट्रॉम्बोलीतूनच बाहेर फेकली जातात, हा योगायोग नव्हे. नायक लिडेनब्रॉक हा हॅम्बुर्गमधला खनिजशास्त्राचा प्राध्यापक. दगड हातात घेऊन, त्याचा रंग, कठीणपणा, वास, चव, फोडल्यावरचा आवाज एवढ्यावरून तो तेव्हा ज्ञात असलेल्या ६०० खनिजांपैकी नेमके कोणते हे ओळखतो. आज मान्यता मिळालेल्या खनिजांची संख्या ६००० च्या वर गेली आहे. लिडेनब्रॉकची धांदल उडाली असती.

या प्राध्यापकाला एक खोड आहे. अवघड नावे उच्चारताना त्याची जीभ अडखळते आणि तो संतापतो. अशा जीभ वळवणाऱ्या खनिजांची एक यादीच व्हर्न पहिल्या प्रकरणात देतो. तीत 'फँगासाइट' असे एक नाव आहे. त्या नावाचे खनिज जगात कुठेच नाही. बहुधा ते 'फोजासाइट' असावे आणि हस्ताक्षर लावताना जुळाऱ्याने घोटाळा केला असावा. म्हणजे व्हर्नच्या साहित्यातले एकमेव निखळ काल्पनिक खनिज छापखान्यात जन्मले, असे म्हणायला हरकत नाही. फोजासाइट हे खरे खनिज झिओलाइट कुळातले. त्याची कृत्रिम भावंडे आज तेलशुद्धीकरण कारखान्यांत खनिज तेलाचे रेणू फोडण्याच्या कामी येतात, आणि याच कुळातली स्टिल्बाइट, स्कोलेसाइट अशी नाजूक स्फटिके पुण्याच्या आसपासच्या दगडखाणींत कातळाच्या पोकळ्यांमधून सापडतात.

पृथ्वीच्या पोटात उतरायचे म्हणजे उष्णतेचे काय, हा प्रश्न व्हर्नने टाळला नाही. पुतण्या अ‍ॅक्सेल खोलीबरोबर तापमान वाढत जाते हे प्रचलित मत मांडतो, तर काका हम्फ्री डेव्हीच्या जुन्या उपपत्तीचा आधार घेतो. पृथ्वीच्या कवचात पोटॅशियम, सोडियम यांसारखे धातू असून पाणी झिरपले की ते पेट घेतात, ज्वालामुखीची उष्णता ही तेवढीच, आतला गाभा तापलेला असण्याचे कारण नाही, असे ते मत. व्हर्नच्या काळी ते मागे पडत चालले होते. तरीही एका मोठ्या शास्त्रज्ञाने गांभीर्याने मांडलेले मत म्हणून त्याने ते उचलले आणि त्यावर अख्खे भूमिगत जग उभे केले. शास्त्राच्या दाराची फट किलकिली असेल तर तिथून आत शिरायचे, कुलूप मात्र फोडायचे नाही, अशी ही रीत.

पुढच्या वर्षी, १८६५ मध्ये, चंद्रावर तोफगोळा गेला. गणिते तपासायला नात्यातला आंरी गार्से हा गणिती होता. गोळा कशाचा करायचा? व्हर्नने अ‍ॅल्युमिनियम निवडले. आज घराघरांत डब्याभांड्यांच्या रूपाने वावरणारा हा धातू तेव्हा नवलाईचा होता. शार्लचाच भाऊ आंरी सँत-क्लेअर देव्हिल याने १८५४ मध्ये तो मोठ्या प्रमाणावर काढण्याची पद्धत शोधली होती. कादंबरीत गोळ्याचे वजन १९,२५० पौंड आणि धातूचा भाव पौंडाला ९ डॉलर धरून खर्चाचा आकडा १,७३,२५० डॉलर असा चोख मांडला आहे. शेअर बाजारातला माणूस इथे डोकावतो. अर्थात तोफेतून त्या वेगाने सुटलेल्या गोळ्यातल्या माणसांचा पहिल्याच क्षणी चेंदामेंदा झाला असता, हे आज शाळकरी पोरही सांगेल.

पैसा हळूहळू आला. खरा आला तो पृथ्वीप्रदक्षिणेच्या कादंबरीचे १८७४ मध्ये भव्य नाटक झाले तेव्हा. तोवर व्हर्न कुटुंब पत्नीच्या माहेरी, आमियाँ शहरी, स्थिरावले होते. याच काळातल्या 'द मिस्टीरिअस आयलंड'मध्ये एका चिमुकल्या ज्वालामुखी बेटावर कोळसा, लोहखनिज, पायराइट, सोरा, चुनखडी असे सारे काही हाताशी मिळते आणि त्यातून अभियंता सायरस स्मिथ लोखंडापासून नायट्रोग्लिसरिनपर्यंत सर्व काही घडवतो. निसर्ग इतका उदार नसतो. पण प्रत्येक खनिजापासून पुढच्या पदार्थापर्यंतची रासायनिक वाट मात्र खरी आहे, आणि वाचक सापडतो तो त्या वाटेवर. याच कादंबरीत कॅप्टन नेमो हा बुंदेलखंडचा राजपुत्र डाक्कार असल्याचे उघड होते. मुळात व्हर्नला नेमो रशियाविरुद्ध लढणारा पोलिश बंडखोर करायचा होता. रशियातला खप आणि राजकारण पाहून एत्झेलने ते होऊ दिले नाही. म्हणून १८५७ च्या उठावात सर्वस्व गमावलेला हिंदी राजपुत्र जन्माला आला. पुढे १८८० च्या 'द स्टीम हाउस'मध्ये मात्र पेशव्यांचे दत्तक पुत्र नानासाहेब हे थेट खलनायक आहेत. कथेची सुरुवातच तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, त्यांच्या शिरावर लावलेल्या इनामाच्या जाहिरातीने होते. एकाच उठावाला दोन न्याय लावणारा हा लेखक पुणेकर वाचकाला बुचकळ्यात टाकतो.

१८७७ हे व्हर्नच्या आयुष्यातले मोठे विलक्षण वर्ष. एत्झेलच्या नियतकालिकात वर्षभर 'हेक्टर सेर्वादाक' ही कादंबरी क्रमशः चालू होती. मराठी वाचकांच्या दोन-तीन पिढ्यांना ती भा. रा. भागवतांच्या 'मुक्काम शेंडेनक्षत्र'मुळे ठाऊक आहे. फुरसुंगीच्या फास्टर फेणेला जन्म देणाऱ्या भागवतांनी (१९१०-२००१) व्हर्न मराठी मुलांच्या घरात आणला. त्याच्याही आधी, १९०० च्या सुमारास, 'केरळकोकिळ' मासिकातून चंद्रप्रवासाच्या कादंबरीचे रूपांतर येऊ लागले होते. तेव्हा व्हर्न हयात होता.

सेर्वादाक हा अल्जिरियातल्या फ्रेंच फौजेतला कप्तान. ३१ डिसेंबरच्या रात्री प्रचंड हादरा बसतो. शुद्धीवर येतो तो सूर्य पश्चिमेला उगवू लागलेला, दिवस बारा तासांचा झालेला, पाणी ६६ अंशांना उकळते, आणि साधी उडी मारली तरी माणूस हवेत उंच जातो. एका धूमकेतूने पृथ्वीला चाटून जाताना भूमध्य समुद्राचा काही भाग, किनारा आणि त्यावरची माणसे उचलून नेलेली असतात. हे जग व्हर्न सावकाश, एकेक खूण देत उलगडतो. सर्वांत मोठी खूण असते ती जमिनीची. समुद्राच्या तळाशी वाळू नाही, गाळ नाही, शिंपले नाहीत. कडे आहेत ते एकाच चमकदार, धातूसारख्या, षट्कोनी स्फटिकांच्या खडकाचे, आणि तो खडक कोणाच्याच ओळखीचा नाही. माणसांनी तिथे घर केले तरी ती भूमी माणसाची नाही, हे वाचकाला पहिल्यांदा जाणवते ते या दगडामुळे.

मग येतो तऱ्हेवाईक खगोलशास्त्रज्ञ पामिरँ रोझेत. धूमकेतूला त्याने गॅलिया असे नाव दिले आहे आणि आता त्याला त्याचे वजन करायचे आहे. फ्रेंच नाणी ठरावीक वजनाची असतात म्हणून तीच मापे होतात आणि काटा मागितला जातो जहाजावरच्या एका व्यापाऱ्याकडे. पुढे कळते की तो काटाच खोटा होता आणि सबंध आकाशगोलाचे गणित एका दुकानदाराच्या लबाडीने चुकले होते. खडकाचे कोडेही रोझेतच सोडवतो. गॅलिया सोन्याच्या टेल्युराइडचा बनलेला आहे, ७० भाग टेल्युरियम आणि ३० भाग सोने.

या उत्तरात व्हर्नचा सारा स्वभाव आहे. परीस किंवा चिंतामणी या कल्पनांशी आपला परिचय जुना. त्यांना गुण असतात, पण घटक नसतात. परीस कशाचा बनलेला, असे कोणी विचारत नाही. व्हर्नच्या दगडाला घटक आहेत, टक्केवारी आहे. टेल्युरियम हे मूलद्रव्य १७८२ मध्ये ट्रान्सिल्व्हेनियातल्या सोन्याच्या खाणींच्या खनिजातच सापडले होते आणि त्याचे नाव पृथ्वी या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून ठेवलेले आहे. कॅलिफोर्नियात सापडलेल्या सोन्याच्या टेल्युराइडला कॅलाव्हेराइट हे नाव १८६८ मध्ये मिळाले. त्यात वजनाने सुमारे ४४ टक्के सोने असते. म्हणजे व्हर्नने निसर्गापेक्षा हात आखडताच घेतला. त्याने काल्पनिक केले ते फक्त प्रमाण. प्रयोगशाळेच्या कपाटात चिमूटभर असणारे खनिज उचलून त्याने त्याचा एक गोल बनवला आणि तो आकाशात सोडला.

पिवळेपणा न दाखवणारे हे सोने प्रत्यक्षातही माणसांना चकवून गेले. ऑस्ट्रेलियातल्या कॅलगुर्लीत खाणवाल्यांनी टेल्युराइड हा टाकाऊ दगड समजून रस्त्यांच्या भरावात घातला. १८९६ मध्ये उलगडा झाला, तेव्हा रस्ते उकरण्याची वेळ आली. कादंबरीला तेव्हा १९ वर्षे झाली होती.

सोन्याच्या भूमीवर राहूनही गॅलियावरच्या माणसांना त्याचा उपयोग शून्य. त्यांना हवी असते ऊब, कारण धूमकेतू सूर्यापासून दूर चाललेला असतो. ती मिळते ज्वालामुखीच्या कुशीत. सोन्याने डोळे दिपतात ते एकट्या व्यापाऱ्याचे. इथे कादंबरीचा काळा डाग येतो. आयझॅक हाखाबुट हा ज्यू व्यापारी व्हर्नने इतक्या हिणकस ठशात ओतला आहे की, पॅरिसच्या मुख्य धर्मगुरूंनी, झाडोक कान यांनी, त्याच वर्षी एत्झेलकडे लेखी निषेध नोंदवला. तो रास्त होता. खनिजाला ओळखण्यासाठी जो माणूस घनता आणि टक्केवारी मागतो, तो माणसाला ओळखताना बाजारातल्या पूर्वग्रहावर समाधान मानतो, ही व्हर्नची उणीव झाकण्यात अर्थ नाही.

शेवटही त्याच्या मनासारखा झाला नसावा. सेर्वादाक हे नाव उलटे वाचले की फ्रेंचमध्ये प्रेते या अर्थाचा शब्द होतो. धूमकेतू पृथ्वीवर आदळून सारे मरतात, असा शेवट व्हर्नच्या मनात होता आणि मुलांच्या नियतकालिकात तो शोभणार नाही म्हणून एत्झेलने बदलायला लावला, असा अभ्यासकांचा कयास आहे. छापील शेवटात मंडळी बलूनमधून सुखरूप उतरतात आणि जग जणू काही घडलेच नाही अशा थाटात चालू असते. सोन्याचा धूमकेतू निघून जातो.

त्याच वर्षी व्हर्नने आपली मोठी वाफेची नौका, 'सँ-मिशेल ३', विकत घेतली. नौकेला ज्याचे नाव होते तो मुलगा मात्र हाताबाहेर गेला होता. मिशेल हा एकुलता एक, १८६१ चा. उधळ्या, हट्टी, कर्जबाजारी. १८७६ मध्ये बापाने त्याला सुधारगृहात ठेवले. तेवढ्याने भागले नाही तेव्हा १८७८ च्या आरंभी त्याला एका व्यापारी जहाजावर चढवून हिंदुस्थानच्या सफरीला धाडले. स्वतः जिथे जाऊ शकला नाही तिथे व्हर्नने मुलाला शिक्षा म्हणून पाठवले. मुलांच्या दोन पिढ्यांना शहाणपण शिकवणाऱ्या लेखकाला स्वतःच्या मुलाशी कसे बोलावे हे उमगले नव्हते. मिशेल परतला तो बदलून नव्हे. लग्ने, दिवाळखोरी, बापाच्या पैशावर फेडलेली देणी हे सगळे पुढची कित्येक वर्षे चालू राहिले.

१८८४ च्या 'द स्टार ऑफ द साउथ'मध्ये हिऱ्याची पाळी आली. कथेचा मूळ आराखडा पाश्काल ग्रूसे या हद्दपार क्रांतिकारकाचा. एत्झेलने तो विकत घेतला आणि व्हर्नने पुन्हा लिहिला. दक्षिण आफ्रिकेतला तरुण फ्रेंच अभियंता भट्टीत कृत्रिम हिरा तयार करतो आणि सारा हिरेबाजार हादरतो. अखेर कळते की, भट्टी फुटलेली पाहून धन्याचे मन मोडू नये म्हणून त्याच्या आफ्रिकी नोकराने आपल्याला मातीत सापडलेला खरा हिराच तिथे ठेवला होता. तो हिराही शेवटी भुकटी होऊन जातो. प्रयोगशाळेत खरोखर हिरा तयार व्हायला १९५० चे दशक उजाडावे लागले.

मार्च १८८६ मध्ये मनोविकाराने ग्रासलेल्या गास्टाँ या पुतण्याने व्हर्नवर पिस्तूल झाडले. एक गोळी पायात शिरली आणि तो जन्माचा लंगडा झाला. आठवडाभरातच एत्झेल गेला. पुढच्या वर्षी आई गेली. नौका विकली गेली. १८८८ मध्ये तो आमियाँच्या नगरपालिकेवर निवडून आला आणि नाट्यगृह, सर्कस, शाळा असल्या कामांत मन घालू लागला. फ्रेंच अकादमीने त्याला कधी आत घेतले नाही. लहान मुलांचा लेखक, एवढाच शिक्का.

उतारवयात त्याच्यापुढे एच. जी. वेल्स उभा राहिला. वेल्सच्या १९०१ मधल्या 'द फर्स्ट मेन इन द मून'मध्ये कॅव्होराइट नावाचा पदार्थ आहे. गुरुत्वाकर्षण त्यातून पलीकडे जात नाही. त्याचे पडदे लावलेला गोल सहज चंद्रावर जातो. मुलाखतकारांनी वेल्सबद्दल विचारले तेव्हा व्हर्नने काहीशा तिरकसपणे आपली हरकत मांडली. आपण पदार्थविज्ञान वापरतो, ते गृहस्थ शोध लावून मोकळे होतात. असा धातू असेल तर तो आणून दाखवावा. तक्रार प्रामाणिक होती, पण वेल्सला धातूशी देणेघेणे नव्हते. एका फटक्यात चंद्रावर पोहोचून त्याला तिथल्या समाजाविषयी बोलायचे होते. पुढचे शतक वेल्सच्या वाटेने गेले. 'अवतार'मधले अनऑब्टेनियम काय किंवा वाकांडाचे व्हायब्रेनियम काय, ही सारी कॅव्होराइटची संतती. त्यांना रासायनिक सूत्र कोणी विचारत नाही.

कधीमधी निसर्गच व्हर्नची बाजू घेतो. सर्बियात सापडलेल्या जॅडराइट या खनिजाची २००७ मध्ये घोषणा झाली, तेव्हा त्याचे घटक 'सुपरमॅन रिटर्न्स' या चित्रपटात क्रिप्टोनाइटच्या पेटीवर लिहिलेल्या घटकांशी, फ्लोरिन वगळता, जवळपास जुळतात हे ध्यानात आले. आणि पुण्याजवळच्या वाघोलीच्या दगडखाणीतून १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून निघू लागलेले कॅव्हन्साइट पाहिले, तर कॅव्होराइटचा चुलतभाऊ वाटावा असे त्याचे नाव आणि परग्रहावरचा वाटावा असा गडद निळा रंग. नाव मात्र व्हर्नला पटले असते. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट यांची आद्याक्षरे जोडून ते केलेले आहे. हे खनिज पहिल्यांदा अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये मिळाले, पण जगभरच्या संग्रहालयांत मिरवणारे देखणे नमुने बहुतांशी वाघोलीचे.

वेल्सचा कॅव्होराइट प्रसिद्ध झाला त्याच १९०१ साली, मोतीबिंदू आणि मधुमेहाने जेरीला आलेला व्हर्न पुन्हा सोन्याकडे वळला होता. नवी कथा होती शुद्ध सोन्याच्या उल्केची. पृथ्वीभोवती फिरणारी ही उल्का आपल्याला आधी दिसली म्हणून अमेरिकेतले दोन हौशी खगोलनिरीक्षक हमरीतुमरीवर येतात, त्यांच्या घरांतली ठरलेली सोयरीक मोडायची पाळी येते, राष्ट्रे मालकी हक्कासाठी परिषदा भरवतात आणि जगभरचे शेअर बाजार कोसळतात. एवढे सोने खाली आले तर सोन्याला किंमत काय राहणार? पॅरिसच्या बाजारात चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी उभ्या राहिलेल्या दलालाने हा प्रश्न पुरता उपभोगलेला दिसतो. ही कथा त्याने लिहून पुरी केली आणि इतर हस्तलिखितांबरोबर कपाटात ठेवली. क्लोंडाइकच्या सोन्यावरची, सोन्याने भरलेल्या ज्वालामुखीची आणखी एक कादंबरी तिथे आधीच पडून होती.

२४ मार्च १९०५ रोजी आमियाँच्या घरी व्हर्नचे निधन झाले. शेवटच्या वर्षांत बाप-लेकांत समेट झाला होता. मिशेल स्वतःही लिहू लागला होता. १८८९ मध्ये एका अमेरिकन नियतकालिकात वडिलांच्या नावावर छापून आलेली २८८९ सालची कथा बहुतांशी त्याचीच. आता कपाटाची किल्ली त्याच्याकडे आली. एकेक हस्तलिखित बाहेर निघू लागले आणि वडिलांच्या नावाने छापले जाऊ लागले. वाचकांना, समीक्षकांना वाटे की म्हातारा मागे बरेच लिहून ठेवून गेला.

खरा प्रकार उजेडात यायला ७० वर्षांहून अधिक काळ लागला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस पिएरो गोंदोलो देल्ला रीव्हा या इटालियन अभ्यासकाला एत्झेलच्या वारसांकडे मूळ हस्तलिखितांच्या प्रती मिळाल्या. छापील पुस्तकांशी त्या जुळेनात. मिशेलने प्रकरणे वाढवली होती, पात्रे घातली होती, शेवट फिरवले होते. सोन्याच्या उल्केची जी कादंबरी १९०८ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात झेफिराँ झिर्दाल नावाचा विक्षिप्त संशोधक एका अजब यंत्राच्या किरणांनी उल्का हवी तशी वळवतो, ग्रीनलंडमध्ये उतरवतो आणि वैतागून समुद्रात ढकलतो. हा झिर्दाल अनेकांना पुस्तकातले सर्वांत मजेदार पात्र वाटे, आणि ते चूक नाही. मिशेलचा हात हलका आणि विनोदी होता. पण यंत्र कशावर चालते याचा पत्ता नाही. वेल्सला जो धातू आणून दाखवायला व्हर्नने सांगितले होते, तसलेच काहीतरी खुद्द त्याच्या पुस्तकात, त्याच्या नावाखाली, त्याच्या मुलाने आणून ठेवले होते.

मिशेल १९२५ मध्ये वारला. आपण काय केले हे त्याने वाचकांना कळू दिले नव्हते. मूळ कादंबरी फ्रान्समधल्या ज्यूल्स व्हर्न सोसायटीने १९८६ मध्ये छापली. तीत झिर्दाल नाही आणि यंत्रही नाही. सोन्याची उल्का आपल्या वजनाने ग्रीनलंडच्या किनाऱ्यावर पडते आणि कोणी हात न लावता समुद्रात जाते.